शिकार, काम आणि नाव : डुकराच्या पारधीचा तौलनिक विचार

१. विषयाची मांडणी

डुकराची पारध हे जागतिक वाङ्मयातील अत्यंत जुने आणि दीर्घायुषी आशयसूत्र आहे. होमरचे 'ओडिसी', ओव्हिडचे 'मेटामॉर्फसिस', भारवीचे 'किरातार्जुनीय', चौदाव्या शतकातील 'सर गवेन अँड द ग्रीन नाइट' हे इंग्रजी काव्य आणि वसाहतकाळातील शिकारविषयक पुस्तके एवढ्या विस्तीर्ण पटावर ते आढळते. मराठीत या सूत्राचा सर्वांत समर्थ आविष्कार मात्र चित्रपटाच्या माध्यमात झाला. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' हा चित्रपट २०१३ मध्ये महोत्सवात प्रथम दाखविला गेला आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये सर्वत्र प्रदर्शित झाला. त्याचा शेवटचा दीर्घ भाग म्हणजे एका कैकाडी कुटुंबाने गावातील मोकाट डुकरांची केलेली धरपकड होय. 'फँड्री' या कैकाडी शब्दाचा अर्थच डुक्कर असा आहे.

या चित्रपटाविषयीच्या चर्चेत डुक्कर बहुधा प्रतीक म्हणून वाचले जाते. जातीय अवहेलना, अस्पृश्यता, गावकुसाबाहेरचे जिणे यांचे ते प्रतीक आहे, हे खरेच आहे. तथापि प्रतीक होण्यापूर्वी ते एक जनावर आहे आणि त्याचा पाठलाग ही एक पारध आहे. तिला तंत्र आहे, श्रमविभागणी आहे, मोबदला आहे, प्रेक्षकही आहेत. तिच्याकडे पारध म्हणून पाहिल्यास ती कोणत्या वाङ्मयीन परंपरेशेजारी उभी राहते आणि त्या परंपरेविषयी काय सांगते, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. येथे प्रभावाचा दावा अभिप्रेत नाही. एकच कृती वेगवेगळ्या समाजव्यवस्थांत कोणता अर्थ धारण करते, याची तुलना येथे करावयाची आहे.

या तुलनेसाठी तीन प्रश्न उपयोगी पडतात. मारणारा आणि जनावर यांच्यामध्ये किती अंतर आहे? पारधीतील कष्टाचा वाटा कोण उचलतो आणि नाव कोणाचे होते? आणि ही पारध पाहणारे कोण आहेत?

२. हाताच्या अंतरावरची पारध

रानडुकराची शिकार इतर शिकारींहून वेगळी ठरते ती या जनावराच्या स्वभावामुळे. हरिण पळते, डुक्कर काही अंतर पळते आणि मग उलटते. मराठीतील 'मुसंडी' आणि 'डुकरमुसंडी' हे शब्द या उलटण्याचीच आठवण जपतात. त्यामुळे कुत्र्यांनी डुक्कर थोपवायचे आणि माणसाने जवळ जाऊन भाल्याने किंवा सुरीने ते मारायचे, ही पद्धत जगात अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे रूढ झालेली दिसते. इ. स. पूर्व चौथ्या शतकातील झेनोफोनच्या शिकारविषयक ग्रंथात तिचे तपशीलवार वर्णन आहे. त्यात डुकरासाठी भारतीय, क्रीटन, लोक्रियन आणि लॅकोनियन कुत्री वापरावीत असे सांगितले आहे. भाल्याच्या पात्याखाली आडवे दात असावेत, म्हणजे भोसकलेले डुक्कर भाल्यावरून पुढे सरकत शिकाऱ्यापर्यंत पोहोचणार नाही, अशीही सूचना आहे. भाला हातून सुटल्यास जमिनीवर पालथे पडून झुडपे घट्ट धरावीत, कारण वर वळलेल्या सुळ्यांना जमिनीलगतचे शरीर सहज उचलता येत नाही, हा सल्ला अनुभवातूनच आलेला असणार.

आज न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा दक्षिण भाग येथे ही पद्धत जिवंत आहे. तेथील डुकरे बहुतांशी मूळची रानटी नव्हेत. युरोपीय लोकांनी नेलेल्या पाळीव डुकरांची ती मुख्यतः मोकाट संतती आहे. काही कुत्री भुंकून डुकराला एका जागी अडवितात, तर काही कानाला धरून त्याला जखडून ठेवतात. शिकारी मागून येतो, मागचा पाय उचलून जनावराचा तोल घालवितो आणि पुढच्या पायामागे काळजाच्या दिशेने सुरी खुपसतो. बंदुकीचा पर्याय उपलब्ध असताना सुरी निवडली जाते, याला काही व्यावहारिक कारणे आहेत. झटापटीत गोळी कुत्र्याला लागण्याची शक्यता हे त्यांपैकी एक. परंतु या निवडीला प्रतिष्ठेचीही बाजू आहे. हत्यार जितके आखूड, तितका मान मोठा, असा एक अलिखित दंडक डुकराच्या शिकारीभोवती प्राचीन काळापासून दिसतो.

या दंडकाचा नमुना मॅसिडोनियाच्या एका प्रथेत सापडतो. जाळ्याचा आधार न घेता रानडुक्कर मारल्याशिवाय पुरुषाला भोजनप्रसंगी पहुडून जेवण्याचा मान मिळत नसे, आणि कॅसँडर वयाच्या पस्तिसाव्या वर्षीही बसूनच जेवत असे, अशी नोंद अथेनियसने केली आहे. प्लेटोने आपल्या 'लॉज' या संवादात हाच भेद नीतीच्या पातळीवर नेला. घोडे, कुत्री आणि स्वतःचे शरीर यांच्या बळावर केलेली शिकार त्याने प्रशंसनीय मानली. जाळी आणि फास लावून केलेली शिकार आळशी माणसाची म्हणून नाकारली. झेनोफोन जाळ्यांचा वापर निःसंकोचपणे वर्णितो, त्यामुळे व्यवहार प्लेटोच्या आदर्शासारखा एकजिनसी नव्हता, हे उघड आहे. मात्र फास हलका आणि भाला उंच ही श्रेणी एकदा विचारात रुजली की ती फास लावणाऱ्या माणसालाही लागू होते. महाराष्ट्रात एका जमातीची ओळखच 'फासेपारधी' या नावाने होते, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावी लागेल.

३. व्रण आणि नाव

'ओडिसी'च्या एकोणिसाव्या सर्गात वृद्ध दाई युरिक्लिया परक्या पाहुण्याचे पाय धूत असता गुडघ्यावरच्या व्रणावरून आपल्या धन्याला ओळखते. एरिक आउअरबाख यांच्या 'मिमेसिस' (१९४६) या ग्रंथातील पहिल्या प्रकरणामुळे हा प्रसंग तौलनिक साहित्याच्या अभ्यासात केंद्रस्थानी आला. आउअरबाख यांचे लक्ष कथनपद्धतीवर आहे. व्रणाची कथा मध्येच येते आणि सर्व काही प्रकाशात, पुढच्या पटलावर मांडले जाते, हे होमरी शैलीचे वैशिष्ट्य ते दाखवून देतात. त्या कथेतील पारध ही एक सामाजिक संस्था म्हणून काय करते, हा प्रश्न त्यांच्या विवेचनाच्या कक्षेबाहेर राहतो.

तो प्रश्न विचारल्यास असे दिसते की या कथेत नाव आणि व्रण एकाच घराण्याकडून येतात. आजोबा ऑटोलिकस नातवाचे नाव ठेवतो आणि तो मोठा झाल्यावर आपल्याकडे बोलावतो. मामांबरोबर तो शिकारीला जातो. पुढे कुत्री, मागे मामा आणि सर्वांच्या आधी भाला उगारून धावणारा तरुण, अशी रचना आहे. डुक्कर त्याच्या गुडघ्यावर जखम करते, तो त्याच्या उजव्या खांद्यात भाला खुपसतो. मामा जखम बांधतात, मंत्र म्हणून रक्त थांबवितात आणि भेटी देऊन त्याला घरी पाठवितात. आई-वडील व्रणाची हकीकत विचारतात आणि तो ती सांगतो. म्हणजे डुकराने केलेली जखम हा कलंक नाही. ती ओळखपत्र आहे. पारध पाहणारे आप्त आहेत, ऐकणारे आप्त आहेत आणि वीस वर्षांनी ओळखणारी दाईही त्याच घरातील आहे.

कॅलिडॉनच्या डुकराची कथा याच सूत्राची दुसरी बाजू दाखविते. 'इलियड'च्या नवव्या सर्गात डुकराचे मस्तक आणि कातडे कोणाचे यावरून युद्ध पेटते. ओव्हिडच्या कथनात पहिले रक्त काढणारी अटलांटा आहे आणि मेलिएजरने तिला मान दिल्यावर त्याच्याच मामांशी त्याचा कलह होतो. ओव्हिड नामांकित वीरांची फजिती आवर्जून रंगवितो. नेस्टर तर भाल्याच्या आधाराने उडी मारून झाडावर चढतो. 'सर गवेन' या काव्यात किल्ल्याचा स्वामी घोड्यावरून उतरून ओढ्याच्या पाण्यात तलवारीनिशी डुकराला सामोरा जातो, आणि शिकाऱ्यांच्या जमावात हे धाडस फक्त तोच करतो. या सर्व कथनांत जनावर कोणाचे, पहिला वार कोणाचा, हा वाद अटळ दिसतो, कारण पारधीतून निर्माण होणारी खरी संपत्ती मांस नसून नाव आहे.

४. किराताचा बाण

भारतीय परंपरेत हाच वाद वनपर्वातील किरात-आख्यानात येतो आणि भारवीने त्यावर अठरा सर्गांचे महाकाव्य रचले. भारवीचा उल्लेख इ. स. ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात आहे. तीन महाराष्ट्रकांचा निर्देश करणारा दुसऱ्या पुलकेशीचा हाच तो लेख. मराठी परंपरेतही हे आख्यान परके नाही. मुक्तेश्वरांचे वनपर्व उपलब्ध आहे आणि मोरोपंतांच्या 'आर्याभारता'ने सर्व पर्वे मराठीत आणली.

मूक नावाचा दानव डुकराचे रूप घेऊन तपस्वी अर्जुनावर चालून येतो. अर्जुन आणि किरातवेषधारी शिव यांचे बाण त्याला एकाच वेळी लागतात. महाभारतात अर्जुन किरातावर मृगयाधर्म मोडल्याचा आरोप ठेवतो. भारवीकडे वाद अधिक गुंतागुंतीचा होतो. किराताचा दूत बाण परत मागण्यास येतो आणि राजकुलातील तपस्वी व वनचर यांच्या पायरीतील अंतर हाच संवादाचा खरा विषय बनतो. येथे डुक्कर मरताच कथेतून जवळजवळ नाहीसे होते. उरतो तो प्रश्न असा की ज्याची पायरी आपल्याहून खालची मानली त्याचा बाणावर हक्क असू शकतो काय?

या प्रश्नाचे उत्तर काव्य वादातून देत नाही, अंतर कमी करीत देते. धनुष्याचे युद्ध होते, ती साधने निष्फळ ठरतात आणि शेवटी दोघे नुसत्या हातांनी झुंजतात. बाहुयुद्धात अर्जुन शिवाचे पाय धरतो आणि त्या स्पर्शाच्या क्षणी किरात देव म्हणून प्रकट होतो. दूरच्या हत्याराकडून उघड्या हाताकडे आणि उघड्या हाताकडून ओळखीकडे, असा या काव्याचा प्रवास आहे. वनचराचा स्पर्श येथे विटाळ ठरत नाही, तो वरदान ठरतो. पण त्यासाठी एक अट आहे. तो वनचर खरा वनचर असता कामा नये. देवाने वेष उतरविल्यावर खऱ्या किराताचा बाणावरील हक्क अनिर्णीतच राहतो. परंपरेने वाद मिटविला तो वादी पक्षालाच बदलून.

५. विनोद, पहिला भाला आणि हाकारे

दख्खनच्या राजदरबारांत शिकार ही कोणत्या सदरात मोडत होती, याचा पुरावा 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील ग्रंथात मिळतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या या कोशात मृगया आणि कुत्र्यांचा खेळ यांचा समावेश राजाच्या 'विनोदां'मध्ये केला आहे. मनुस्मृती मृगयेला कामजन्य व्यसनांत गणते. स्तुती असो वा निंदा, दोन्हींत एक गोष्ट गृहीत आहे. शिकार ही स्वेच्छेची कृती आहे. ती करणाऱ्याला न करण्याची मोकळीक आहे.

ब्रिटिश अमदानीत घोड्यावरून भाल्याने डुक्कर मारण्याच्या खेळाला हेच गृहीत लागू होते. गंगेच्या खादरात मेरठजवळ होणारी 'कादिर कप' ही स्पर्धा या खेळाचे शिखर मानली जाई. १८८३ मध्ये ती जिंकणाऱ्या बेडन-पॉवेलने १८८९ मध्ये या खेळावर पुस्तक लिहिले. मुंबई इलाख्यात लांब भाला, बंगालमध्ये आखूड आणि वजनदार भाला, असे दोन संप्रदाय होते. ज्या मुलखात घोडदौड शक्य आहे तेथे डुकरावर गोळी झाडणे असभ्य मानले जाई. 'पहिला भाला' ज्याचा त्याचे श्रेय आणि सुळे, हा नियम कॅलिडॉनच्या कातड्याची आठवण करून देणारा आहे. येथेही अंतर कमी करणे हीच प्रतिष्ठा होती, आणि ते स्वेच्छेने कमी केलेले होते.

मात्र उसाच्या फडातून किंवा गवतातून डुकरे उठवून स्वारांपुढे आणावी लागत. हे काम हाकाऱ्यांचे असे. दाट गवतात पायी शिरणारा हाकारा डुकराच्या सर्वांत जवळ असे आणि त्याच्या हाती बहुधा काठीपलीकडे काही नसे. अंतराच्या दंडकाप्रमाणे सर्वाधिक मान त्याला मिळावयास हवा होता. प्रत्यक्षात या वाङ्मयात घोड्यांना नावे आहेत, हाकारे बहुधा संख्येत येतात. दंडकाची खरी अट येथे उघड होते. जवळीक पुरेशी नाही. ती निवडलेली असावी लागते. हुकुमाने जवळ गेलेल्याला धैर्याचे श्रेय मिळत नाही, त्याला मजुरी मिळते.

ज्या जमातींच्या पारंपरिक कौशल्यावर शिकारीचा हा डोलारा उभा होता, त्यांच्यापैकी अनेकींना त्याच राजवटीने गुन्हेगार ठरविले. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा पुढे १९११ मध्ये मुंबई इलाख्यातही लागू झाला आणि १९५२ मध्ये रद्द झाला. पारधी आणि कैकाडी या दोन्ही जमाती आज महाराष्ट्रात विमुक्त म्हणून ओळखल्या जातात, त्याचे मूळ या इतिहासात आहे. या संदर्भात कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांचे उदाहरण वेगळे उठून दिसते. स्वतः शिकारीचे शौकीन असलेल्या या राजाने १९१८ मध्ये आपल्या संस्थानात हजेरीची पद्धत बंद केली आणि फासेपारध्यांना दरबारी नोकरीत घेतले. शिकारीतील सहकाऱ्याला शिकारीबाहेर माणूस म्हणून ओळखण्याची ही कृती सर्वसामान्य नव्हती.

६. स्वेच्छेचे श्वानत्व

पारधीतील कुत्र्याचे स्थान तपासल्यास हाच भेद अधिक स्पष्ट होतो. शतरुद्रियात रुद्राला वंदन करताना कुत्रे आणि कुत्र्यांचे स्वामी यांनाही वंदन केले आहे. खंडोबाच्या उपासनेत या जुन्या संबंधाचे जिवंत रूप दिसते. कुत्रा देवाचा सोबती आहे आणि देव शिकारीला निघतो ही कल्पना या उपासनेत रुजलेली आहे. खंडोबाचे वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे मानतात, भुंकतात आणि कोटंब्यात भिक्षा घेतात. गुंथर सोन्थायमर यांनी १९७६ मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध केलेल्या बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्या अभ्यासातून पशुपालक समाज, अरण्य आणि दैवत यांचे नाते अभ्यासकांसमोर आले.

वाघ्याचे श्वानत्व ही दीक्षा आहे. ती नवसाने, श्रद्धेने स्वीकारली जाते आणि देवाशी जवळीक देते. माणसाने कुत्र्याची भूमिका घेणे ही गोष्ट स्वतःमध्ये अवमानकारक नाही, असे ही परंपरा सांगते. अवमान तेव्हा होतो जेव्हा ती भूमिका दुसऱ्याने लादलेली असते आणि ज्याच्यासाठी धावायचे तो स्वामी देव नसून गावचा कारभारी असतो.

७. 'फँड्री' : पारधीचा मध्यवर्ती हाकारा

'फँड्री'तील जनावराची जात प्रथम लक्षात घ्यावी लागते. मराठीत वराह अवतार आहे, रानडुक्कर शिकार आहे आणि गावातले डुक्कर घाण आहे. एकाच प्राणिकुलाची ही तीन सामाजिक स्थाने आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानडुकराला संरक्षण दिले. उकिरड्यावर वाढणारे मोकाट डुक्कर मात्र त्या कायद्याच्या दृष्टीने वन्य नाही आणि घरच्या गाईगुरांसारखे मायेने पाळलेलेही नाही. त्याचा उपद्रव होतो तेव्हा गाव एका विशिष्ट कुटुंबाला बोलावते. डुकराचा स्पर्श झाला तर गावाला विटाळ होतो. तो विटाळ टाळण्यासाठी ज्याने स्पर्श करायचा, त्याला मात्र विटाळाचे कारणच मानले जाते.

कचरू माने या बापाची भूमिका किशोर कदम यांनी आणि जब्याची सोमनाथ अवघडे याने केली आहे. कचरूला मुलीच्या लग्नासाठी पैसा हवा आहे, म्हणून तो हे काम स्वीकारतो. मोकळीक नसलेल्या माणसाने केलेली ही निवड आहे. घरातील सर्व माणसे कामाला लागतात. कोणी डुकरे उठवायची, कोणी वाट अडवायची, कोणी फास सांभाळायचा, अशी विभागणी होते. या पारधीत कुत्री नाहीत. झेनोफोनने कुत्र्यांकडे सोपविलेले माग काढणे, घेरणे, थोपविणे हे सारे काम येथे बाप, आई, मुली आणि मुलगा करतात. सुरीचा प्रसंगही पडद्यावर येत नाही. डुक्कर जिवंतपणी बांबूला बांधून नेले जाते. उरतात ते दोर आणि हात. अंतर शून्यावर आले आहे आणि मानही शून्यावर आला आहे.

पाहणाऱ्यांची रचना येथे निर्णायक ठरते. 'ओडिसी'त पारध मामांच्या देखत घडते. येथे ती वर्गमित्रांच्या देखत घडते. जब्या ज्या मुलीवर मनोमन प्रेम करतो ती शालूही बघ्यांत आहे. गावकरी कठड्यावर बसून सामना पाहावा तशी ही धावपळ पाहतात, हसतात, मोबाईलवर छायाचित्रे काढतात. त्यांच्या दृष्टीने हा खेळ आहे; खेळणाऱ्यांच्या दृष्टीने ते काम आहे. दरबारी शिकारीत खेळणारा आणि पाहणारा एकाच वर्गाचे असत, म्हणून हा भेद झाकला जाई. मंजुळे यांनी त्या दोन वर्गांना समोरासमोर उभे करून तो उघडा केला. जब्या लपू पाहतो आणि बाप त्याला मारून बाहेर काढतो. डुकराला सामोरे न गेल्याबद्दल नव्हे, तर लोकांच्या नजरेला सामोरे न गेल्याबद्दल मुलगा मार खातो. भिती जनावराची नाही, ओळखले जाण्याची आहे.

ओळखीचे हे उलटे रूप नावाच्या पातळीवरही काम करते. जब्याचे पूर्ण नाव जांबुवंत आहे. रामायणातील अस्वलराजाचे हे नाव गाव वापरत नाही. गाव त्याला ज्या जनावरामागे तो धावतो त्याच्या नावाने हाक मारते, आणि तीही त्याच्याच मातृभाषेतील शब्दाने. ऑटोलिकसच्या घरी पारधीने नावाला व्रणाची मुद्रा दिली. येथे पारध नाव हिरावून घेते.

राष्ट्रगीताचा प्रसंग याच मांडणीत वाचला पाहिजे. डुक्कर हाती येणार इतक्यात शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात, जब्या जागीच उभा राहतो, पाठोपाठ घरचे उभे राहतात आणि डुक्कर निसटते. प्रसंगातील उपरोध सर्वांच्या ध्यानात येतो. त्यात आणखी एक गोष्ट आहे. त्या क्षणापुरते हे कुटुंब हाकारे राहत नाही, ते नागरिक होते. आणि नागरिक होण्याची किंमत दिवसाची मजुरी ठरते. पुढे बांधलेले डुक्कर खांद्यावर घेऊन ते शाळेच्या भिंतीवरून जातात तेव्हा मागे आंबेडकर, सावित्रीबाई आदींची चित्रे दिसतात. पार्श्वभूमी नसलेली कथा हे आउअरबाख यांनी होमरचे वैशिष्ट्य मानले होते. येथे पार्श्वभूमीच बोलते.

चित्रपटाच्या शेवटी जब्या चिडविणाऱ्यांवर दगड उचलतो आणि अखेरचा दगड प्रेक्षकाच्या दिशेने येतो. डुकराच्या पारधीतील हत्यारांच्या क्रमात या दगडाला नेमके स्थान आहे. 'किरातार्जुनीया'त धनुष्याकडून हाताकडे प्रवास होतो आणि हाताच्या स्पर्शात ओळख पटते. 'फँड्री'त हाताकडून दूर फेकल्या जाणाऱ्या दगडाकडे प्रवास होतो, कारण स्पर्शाने ओळख पटण्याची वाट बंद आहे. पारधीचे लक्ष्य बदलते. जनावराच्या जागी पाहणारा येतो. किराताच्या बाणावरचा जो हक्क देवाच्या वेषांतराने अनिर्णीत राहिला होता, तो येथे वेषांतराशिवाय मागितला जातो.

८. एक आक्षेप आणि निष्कर्ष

या वाचनावर एक आक्षेप घेता येईल. कैकाडी कुटुंबाच्या श्रमाला होमर आणि भारवी यांच्या शेजारी बसविणे म्हणजे त्याला पुन्हा अभिजात परंपरेची तळटीप करणे नव्हे काय? आक्षेप गंभीर आहे. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा' (१९८०) या आत्मकथनापासून कैकाडी जीवनाला मराठीत स्वतःचा वाङ्मयीन वंश लाभला आहे आणि 'फँड्री' प्रथम त्या वंशातील आहे. महाकाव्याच्या मोजपट्टीवर त्याचे मूल्य ठरविण्याची आवश्यकता नाही.

परंतु तुलना उलट दिशेनेही चालते. 'फँड्री' पाहिल्यानंतर 'ओडिसी'तील त्या पारधीत कुत्री कोणी सांभाळली, गवेनच्या यजमानासाठी रान कोणी उठविले, 'मानसोल्लासा'तील राजविनोदासाठी किती माणसे राबली, हे प्रश्न टाळता येत नाहीत. अभिजात कथनांनी हाकाऱ्याला कडेला ठेवले, त्यामुळे धैर्य ही वैयक्तिक सद्गुणाची बाब वाटू शकली. हाकारा मध्यभागी येताच दिसते की त्या धैर्याला मोकळीक, आप्तांची नजर आणि सुरक्षित नाव यांचा आधार होता. जनावरापाशी जाण्याचे धाडस दोघांकडेही असते. त्या धाडसाचे नावात रूपांतर करण्याची सोय एकाकडेच असते.

म्हणून 'फँड्री'तील डुक्कर केवळ प्रतीक म्हणून वाचणे अपुरे आहे. तसे वाचताना कठड्यावर बसलेल्या बघ्यांप्रमाणेच समीक्षाही श्रमाकडे दुर्लक्ष करून दृश्याचा अर्थ लावू लागते. फास कसा लावला, वाट कोणी अडविली, मजुरी कशासाठी हवी होती, हे तपशील अर्थाच्या बाहेरचे नाहीत. डुकराच्या पारधीचा तौलनिक इतिहास यापुढे लिहिताना मारणाऱ्याच्या हत्याराइतकेच हाकाऱ्याच्या हातांकडे पाहावे लागेल, एवढी अपेक्षा या मराठी कलाकृतीने निर्माण केली आहे.